खेळण्यांचे दुकान, आणि तेही नामपुरात?

(तृतीय वर्ष, कला)

2022 च्या दिवाळीपूर्वी आमच्या ताईने घरात हा विषय काढला, तेव्हा सर्वांच्या तोंडून हाच एक प्रश्न बाहेर पडला. नाना म्हणाले, "त्यापेक्षा बियाणे-औषधांचे दुकान टाक, गिऱ्हाईक चालत दाराशी येईल." आजी आपल्या अहिराणीत म्हणाली, "लेकरूले खेळनं कसाले लागस? माती शे ना!" खरे सांगायचे तर मलाही ताईची लाजच वाटली होती. आपल्याच महाविद्यालयातून बी. ए. झालेली मुलगी, आणि ती चेंडू, भोवरे विकत बसणार! मित्रांना काय सांगायचे?

आज तीन वर्षांनंतर माझे मत पुरते बदलले आहे. ते का बदलले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

खेळणे ही आपल्याकडे यात्रेची वस्तू समजली जाते. सटाण्याला मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. तेथे पाळण्यात बसायचे, गुडीशेव घ्यायची आणि येताना एखादी पिपाणी किंवा गाडी आणायची, हा आमच्या लहानपणचा नेम. घरी येईपर्यंत पिपाणीचा आवाज बसायचा आणि दोन दिवसांत गाडीचे चाक निखळायचे. तक्रार करणार कोणाकडे? विकणारा आपले पाल गुंडाळून दुसऱ्या यात्रेला गेलेला असे. त्याचा तरी काय दोष म्हणा! ज्याला विकले ते मूल त्याला पुन्हा दिसणारच नव्हते.

गल्लीतल्या दुकानाचे तसे नाही. रात्री विकलेली वस्तू सकाळी मोडली, तर ते मूल शाळेत जाता जाता दारात उभे राहते. त्याच्यामागे त्याची आई असते आणि ती आपली नात्यातली किंवा ओळखीची असते. माझ्या मते गल्लीतल्या दुकानाची सारी किंमत याच एका गोष्टीत आहे. बाकी भांडवल, फळ्या आणि नफा हे कोणत्याही दुकानाला असतेच.

भांडवलाचेही सांगतो. नानांनी कुरकुर करीत डाळिंबाच्या पट्टीतून 50,000 रुपये दिले. ताईने शिकवण्या घेऊन साठवलेले 25,000 घातले. ओट्यालगतची खोली मोकळी केली, गावच्या सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या. पहिल्या मालात तिची चूक झाली. रिमोटवर चालणाऱ्या मोटारी तिने पुष्कळ आणल्या. दिसायला झकपक, पण सेल दोन दिवसांत उतरत आणि मुलाच्या हातून एकदा पडली की मोटार कायमची मुकी. त्यात पैसा अडकून पडला. उलट साधा प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली लावलेला, हातोहात संपला. आपल्या बापाच्या ट्रॅक्टरचाच रंग हवा म्हणून रडणारी मुले मी पाहिली आहेत. लगोरी, ठोकळे, चित्रांची कोडी, भातुकली, कॅरम यांना वर्षभर मागणी असते. दुकान चालवणे म्हणजे आपल्याला काय आवडते ते आणणे नव्हे, हा पहिला धडा ताईला तेथे मिळाला.

दुसरी गोष्ट तिने मुद्दाम केली. पुष्कळ दुकानांत असते तशी "हात लावू नये" ही पाटी तिने लावली नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकली आणि प्रत्येक जातीचे एक खेळणे उघडून तेथे ठेवले. एकदा सहा-सात वर्षांचा एक मुलगा 30 रुपये मुठीत धरून आला. तासभर बसला. ठोकळे रचले, पाडले, चेंडू टप्पा देऊन पाहिला आणि शेवटी भोवरा घेऊन गेला. त्याचे वडील दारात घाई करीत होते. ताई त्यांना म्हणाली, "काका, बसा जरा. त्याला निवडू द्या." मला त्या वेळी हे सारे गंमतीचे वाटले. पण विचार करा, आपल्या गावातल्या मुलाला स्वतः निवडायला मिळते तरी काय? कपडे, शाळा, पुढे महाविद्यालयातला विषयसुद्धा दुसराच कोणी ठरवतो. भोवरा की चेंडू, एवढा तरी निर्णय त्याचा त्याने घेतला, तर बिघडले कोठे?

बालशिक्षणात हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्या आणि अनुताई वाघ 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलांसाठी त्यांनी परिसरातलेच दगडगोटे, शंख, बिया आणि पाने शिक्षणाची साधने म्हणून वापरली. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि टाकाऊ वस्तू यांतून विज्ञान शिकवणारी खेळणी उभी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आजी म्हणाली ते अगदीच खोटे नव्हते. मातीचा बैल पोळ्याला आपण सर्वांनीच केला आहे. महाग खेळणे म्हणजे चांगले खेळणे असे ताईनेही कधी मानले नाही. "घरी भोपळ्याच्या बिया असतील तर मोजायला त्याच दे, हे कशाला घेतेस?" असे गिऱ्हाइकाला सांगताना मी तिला ऐकले आहे. नाना अशा वेळी कपाळाला हात लावीत.

खरी परीक्षा 2023 च्या दिवाळीत आली. एका शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याने 18,000 रुपयांचा माल पाठवला. खोकी उघडली तर निम्म्याहून अधिक खेळण्यांवर आयएसआयची खूण नव्हती. 1 जानेवारी 2021 पासून खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. सुटणारे बारीक भाग, टोकदार कडा, रंगातले शिसे, सहज निघणारे बटणासारखे सेल यांपासून मुलाला इजा होऊ नये हा त्यामागचा हेतू. तान्हे मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालते, हे काय सांगायला हवे? व्यापाऱ्याला फोन केला तर तो हसून म्हणाला, "सगळे असेच विकतात." माल परत घ्यायला त्याने साफ नकार दिला.

त्यातच 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव कोसळले. आपल्या नामपुरात कांद्याची पट्टी हातात पडते तेव्हा शिंपी, किराणावाला आणि खेळणीवाला या सर्वांचे चालते. ती घटली की सर्वांत आधी तुटते ते खेळणे, आणि ते योग्यही आहे. पण आमच्या गल्ल्यात दिवसाकाठी 100 रुपयेही येईनात. नाना म्हणाले, "तो बिनखुणेचा माल सटाण्याच्या यात्रेत पाल टाकून काढून टाक. यात्रेत खूण कोण बघतो?"

ताई म्हणाली, "नाना, यात्रेतले मूल आपल्याला परत दिसणार नाही, एवढाच काय तो फरक. जे मी गल्लीतल्या मुलाला देणार नाही, ते त्याला तरी का देऊ?"

तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. 18,000 रुपये म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नव्हे. मीसुद्धा मनातून नानांच्या बाजूचा होतो, हे येथे कबूल करतो. शेवटी माल माळ्यावर गेला. आजही तो तेथेच आहे. गुढीपाडव्यापर्यंत दुकान उभे राहिले नाही तर बंद करायचे, असे नानांनी ठरवून टाकले.

दुकान तगले ते चमत्काराने नव्हे. ताईने वह्या, रंगपेट्या, चित्रकलेचे कागद ठेवले. केवळ खेळण्यांवर गावातले दुकान चालत नाही, हे तिने मान्य केले. मोडलेली खेळणी दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. गंजलेली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासायची, निखळलेल्या चाकाला सायकलच्या तारेचा आस घालायचा, बाहुलीचा हात शिवायचा. दहा-वीस रुपयांचे काम, पण त्यासाठी आलेली बाई जाताना मुलाला काहीतरी घेऊन जायची. चित्रांची कोडी 10 रुपयांत आठवडाभर घरी न्यायची आणि बदलून घ्यायची, अशीही सोय तिने केली. 4 मे 2024 ला निर्यातबंदी उठली, तोवर पाडवा होऊन गेला होता आणि नाना बंद करण्याचा विषय काढायचे विसरले होते. निदान त्यांनी तसे दाखवले. आज खर्च जाऊन महिन्याला 6,000 रुपयांच्या आसपास उरतात, दिवाळीत थोडे जास्त. ही काही मोठी कमाई नव्हे. कोणी फसवे चित्र रंगवू नये.

आता काही जण विचारतील, मोबाईलवर बोट टेकवले की खेळणे घरपोच येते, मग हा खटाटोप कशाला? घरपोच येते हे खरे, स्वस्तही असते. पण पडद्यावरचे चित्र मुलाला हातात घेऊन पाहता येत नाही. आणि चाक निखळले तर ते कोणाच्या दारात उभे राहणार?

सरकारबद्दलही थोडे बोलले पाहिजे. परदेशी खेळण्यांवरची जकात 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाली. देशी कारागिराला त्याने वाव मिळेल ही अपेक्षा रास्त आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी करणारे हात आणि ती विकणारे दुकान एकाच आळीत पाहायला मिळतात. आपल्या गावचा सुतारही सुरेख लाकडी बैलगाडी करतो. परंतु ती ताईला दुकानात ठेवता येत नाही. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला खुणेच्या सक्तीतून सूट आहे, आणि आमच्या सुताराची नोंद नाही. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण नोंदणी कशी करायची हे सुताराला सांगायला कोणी आले नाही. आपण लिहिता-वाचता येणारी, अर्ज भरता येणारी शेकडो मुले या महाविद्यालयात आहोत. हे काम आपले नव्हे काय? पुढच्या सुट्टीत त्याचा अर्ज भरायला मी बसणार आहे. कोणाला सोबत यायचे असेल तर जरूर यावे.

मित्रहो, पदवी झाली की नोकरीची वाट पाहायची आणि दुकान टाकणाऱ्याला हसायचे, ही आपली खोड आहे. मीही हसलो होतो. गुरुजनांनाही एक विनंती आहे. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा आलेख शिकवताना कधी मुलांना आमच्या ओट्यावर घेऊन या. कांद्याचा भाव आणि भोवऱ्याचा खप यांचा संबंध तेथे डोळ्यांनी दिसतो.

परवा मी गल्ल्यावर बसलो होतो. पूर्वी भोवरा नेलेला तोच मुलगा धाकट्या बहिणीला घेऊन आला. तिच्या मुठीत 20 रुपये होते. ती एकेक वस्तू उचलून खाली ठेवीत होती आणि तो मोठ्या माणसासारखा मला म्हणाला, "दादा, घाई करू नका. तिला निवडू द्या."