शेपमधलं पहिलं अक्षर

जबलपूरच्या छावणीत मानसिक आरोग्यासाठी आमचा छोटा स्वयंसेवक गट आहे. तो चालवताना माझं एक मत पक्कं झालंय: व्याख्यानं कमी करा. 'टेन्शन घेऊ नका' ऐकून कुणाचं टेन्शन गेलंय? जवानाला धास्ती असते ती मेडिकल कॅटेगरी घसरण्याची, प्रमोशन अडकण्याची. ती खोटी नाही. पण 'शेप'मधलं पहिलंच अक्षर, एस, मनाचं आहे. हातापायांचं नंतर येतं. गुडघा दुखला तर एमआय रूम गाठतोच की!

सुट्टीवरून परतलेल्याला आम्ही आधी भेटतो. जमिनीचा वाद, कर्जाचा हप्ता, सगळं ताजं असतं. चहा पाजायचा, ऐकायचं. टेलिमानसचा १४४१६ नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून द्यायचा. चोवीस तास चालतो, फुकट.

माजी सैनिक मित्रांनो, हे काम तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त जमेल. तुमच्यापुढे बोलताना कॅटेगरीची भीती नसते. याल का?