मुदत पाहून घ्या

बँकेच्या नोकरीने मला एक सवय लावली. कोणताही कागद हाती आला की मजकुराआधी माझी नजर तारखेकडे जाते. हुंडी असो, विम्याचा कागद असो वा मुदत ठेवीची पावती. ती केव्हापर्यंत चालणार हे कळल्याखेरीज बाकीचे वाचण्यात अर्थ नसतो. परवा बार्शीहून भाच्याचा फोन आला. "मामा, पेढीवरचा सर्व्हर आता नव्या आवृत्तीवर न्यायचा म्हणतात. नेऊ का?" मी विचारले, "जुन्याची मुदत केव्हापर्यंत आहे?" त्याला ते ठाऊक नव्हते. "मुदत कसली, मामा? चालतोय की व्यवस्थित," तो म्हणाला. आजचा लेख त्या उत्तरामुळे लिहीत आहे.

भाच्याची भुसार मालाची अडत आहे. पाच संगणक, आणि कोपऱ्यात एक यंत्र, ज्यात शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, खरेदीदारांची उधारी, मालाच्या पावत्या आणि पेढीचा मेल असे सारे साठवलेले असते. त्या यंत्रावर एसएमई सर्व्हर नावाची प्रणाली चालते. लहान व्यवसायांसाठी ती १९९९ साली कॅनडातील ओटावा येथे ई-स्मिथ या कंपनीने सुरू केली. २००१ मध्ये ती माइटेल या कंपनीकडे गेली आणि आज कूझाली ही ना-नफा संस्था व तिचे स्वयंसेवक तिचा सांभाळ करतात. साध्या संगणकावरही ती चालते, तिचे कामकाज ब्राउझरमधून पाहता येते आणि परवान्याचे शुल्क नाही. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येते.

मात्र ही प्रणाली स्वतःच्या पायावर उभी नाही. तिच्याखाली लिनक्सचा एक प्रकार असतो आणि मुदत असते ती त्या पायाची. नववी आवृत्ती सेंटओएस ६ वर उभी होती. त्या पायाची देखभाल ३० नोव्हेंबर २०२० रोजी थांबली. २०२१ मध्ये आलेली दहावी आवृत्ती सेंटओएस ७ वर होती. त्याचीही देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही, आणि खरा धोका तोच आहे. यंत्र पूर्वीसारखेच चालते. फक्त नव्याने सापडलेल्या चोरवाटा बुजवणारे कोणी उरत नाही. विम्याचा हप्ता चुकला तरी दुकानाचे शटर रोज उघडतेच, तसे हे आहे.

पायाची सांगितलेली मुदतही पाळली जाईलच असे नाही. सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत चालेल असे जाहीर झाले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने ती २०२१ अखेरीसच थांबवण्याचे ठरवले. जगभरच्या लहानमोठ्या कचेऱ्यांची तारांबळ उडाली. परंतु संहिता खुली असल्यामुळे काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ग्रेगरी कर्ट्झर यांनीच रॉकी सुरू केले. एसएमई सर्व्हरची अकरावी आवृत्ती रॉकी लिनक्स ८ वर उभी आहे आणि त्या पायाची मुदत मे २०२९ पर्यंत आहे. खुल्या संहितेचा खरा लाभ मला फुकटेपणात दिसत नाही. एकाने हात काढून घेतला तरी दुसऱ्याला तेच काम पुढे चालवता येते, हा तो लाभ.

आता घरची गोष्ट. २०२१ मध्ये भाच्याने नवव्या आवृत्तीवरून दहावीवर जायचे ठरवले. जुन्यावरच नवे चढवता येत नव्हते. कोऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती बसवून बॅकअपमधून सारे पुन्हा आणायचे होते. काम करणाऱ्या मुलाने बॅकअपची डिस्क जोडली आणि तो गप्प झाला. डिस्कवरची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. डिस्क भरून गेली होती. सर्व्हर रोज रात्री इमानाने इशारा पाठवत होता, पण तो जात होता काम सोडून गेलेल्या मुनीमजींच्या पत्त्यावर! "यंत्रात दोन डिस्क आहेत ना?" भाच्याने विचारले. होत्या, पण दुसरी डिस्क पहिलीचे प्रतिबिंब असते. पहिलीवरची नोंद पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते.

सुदैवाने जुने यंत्र चालू होते. त्याच रात्री नवी प्रत घेतली आणि काही हरवले नाही. नवी आवृत्ती आली नसती तर कोणी ती डिस्क उघडली नसती, आणि यंत्र बसले असते त्या दिवशी चौदा महिन्यांची उधारी केवळ आठवणीवर उरली असती. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेथे आठवण चालत नाही.

भाच्याला मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. आमच्या शाखेत रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत टेपवर घेतली जाई आणि नोंदवहीत मी सही करी. कित्येक वर्षे केली. त्यातील एकही टेप परत वाचून पाहिल्याचे मला आठवत नाही. माझी सही होती, खात्री नव्हती. निभावले, इतकेच.

म्हणून भाच्याला या वेळी असे सांगितले आहे. आधी सुट्या यंत्रावर बॅकअपमधून सारे आणून पाहा. गेल्या आठवड्यातील एक पट्टी उघड, एका खरेदीदाराची बाकी जुळव आणि तेरीज दोन्हीकडे सारखी येते का ते तपास. तुरीच्या हंगामात किंवा मार्चअखेरीस हे काम काढू नकोस. जुने यंत्र महिनाभर तसेच ठेव. परवान्याचे पैसे वाचले, त्यातील काही जाणत्या माणसाच्या वार्षिक देखभालीसाठी बाजूला काढ. इशाऱ्याचे मेल तुझ्या स्वतःच्या पत्त्यावर घे आणि वाच.

शेवटी एक काम राहिले होते, तेही त्याने केले. दिवाळीला ज्या वहीची आपण पूजा करतो, तिच्या पहिल्या पानावर त्याने एक तारीख लिहून ठेवली आहे: मे २०२९. वाचकहो, आपल्या पेढीवरच्या यंत्राची तारीख कोणती, हे आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी एकदा विचारून घ्या.