मागच्यासाठी लावलेला दिवा

जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, कारखान्यातून निघाली तश्शी गाडी ठेवा, स्क्रूसुद्धा तोच पाहिजे. दुसरा म्हणतो, बाहेरून पद्मिनी दिसली की झालं, आत काय वाट्टेल ते घाला. इंजिनावरून, रंगावरून, सीटच्या कापडावरून यांची जी भांडणं चालतात ती मी शेंगदाणे खात मजेत ऐकतो. पण विषय ब्रेक लाईटच्या बल्बवर आला की मला गप्प बसवत नाही. कारण बाकीच्या गोष्टी मालकाच्या आवडीच्या. हा दिवा मात्र मालकासाठी नसतोच मुळी. तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो (रविवारचा लेख आहे, सस्पेन्स कशाला?). जी जुनी गाडी रोजच्या रस्त्यावर फिरते, तिच्या टेल आणि ब्रेक लाईटला एलईडी लावावेत. फक्त दोन अटी. बाहेरून काही कळता कामा नये, आणि वाटेल तेव्हा दहा मिनिटांत जुना बल्ब परत बसला पाहिजे.

आमच्या घरी बाबांनी सेकंडहँड घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. जोगेश्वरीला सोसायटीच्या आवारात असते आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर निघते. ही मूळची फियाट ११०० डी. इटलीत १९६२ साली आली, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. गंमत बघा, त्याच १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसेल असा लाल एलईडी बनवला. म्हणजे गाडी आणि दिवा एकाच वयाचे. फक्त दोघांची गाठ पडायला अर्धं शतक लागलं. मागचे सगळे दिवे एलईडीचे असलेली कॅडिलॅक डेव्हिल २००० सालच्या मॉडेलची, आणि साधारण त्याच सुमारास आपल्याकडे पद्मिनीचं उत्पादन थांबलं. टॅक्सी म्हणून ती मुंबईत आणखी बरीच वर्षं टिकली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.

याचा परिणाम असा की आता रस्त्यावर पद्मिनीच्या मागे जो असतो, त्याला पद्मिनीच्या दिव्यांची सवयच नसते. पूर्वी पुढे-मागे, आजूबाजूला सगळ्या पद्मिन्याच असायच्या. सगळ्यांचेच दिवे मंद, त्यामुळे सगळ्यांचेच डोळे त्या हिशोबाने तयार. आज जेव्हीएलआरवर पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता, मेट्रोच्या खांबांच्या बाजूने जाताना, आजूबाजूच्या गाड्यांचे लालभडक दिवे ओल्या रस्त्यावर पसरलेले असतात आणि त्या सगळ्या लालीत आमच्या पद्मिनीचा ब्रेक लाईट म्हणजे देवघरातली समई!

आता थोडं तांत्रिक. साध्या बल्बमधली टंगस्टनची तार आधी तापते, मग उजळते. ब्रेक दाबल्यापासून ती पुरती उजळेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो. एलईडीला तापावं लागत नाही, तो लगेच लागतो. ०.२ सेकंद म्हणजे काय मोठंसं? हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. त्याला ०.२ ने गुणा. ३.३ मीटर. आख्खी पद्मिनी चार मीटरला थोडी कमी भरते. म्हणजे मागच्याला जवळजवळ एका गाडीएवढं जास्तीचं अंतर मिळतं, तेही फुकटात.

पहिल्या पंथाचे लोक म्हणतात, जुन्या दिव्याची ती लाली हळूच चढते आणि हळूच उतरते, त्यातच तर खरी जान आहे. मला हे पूर्ण मान्य आहे, मलाही ती आवडते. पण ती हळूच चढणारी लाली म्हणजेच तो ०.२ सेकंद! सौंदर्य आणि धोका एकाच तारेत आहेत, वेगळे करता येत नाहीत. आणि ते सौंदर्य बघायला गाडीचा मालक मागे नसतोच, मागे असतो तो घाईतला रिक्षावाला.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. इंटरफेस तोच ठेवा, आतलं इम्प्लिमेंटेशन बदला, वापरणाऱ्याला पत्ताही लागता कामा नये. इथे इंटरफेस कुठला? लाल काच, तिचा आकार, होल्डर, वायरिंग. हे सगळं मूळचं राहू द्या. बल्ब हा तर पहिल्या दिवसापासून बदलण्यासाठीच बनवलेला भाग आहे. १९७५ चा बल्ब आज कुणाच्याच गाडीत नाही, अगदी पहिल्या पंथाच्या सेनापतीच्याही नाही. शिवाय ब्रेकचे २१-२१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खेचतात आणि काचेला आतून भाजतात. एलईडी त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शात काम भागवतो. म्हणजे मिळेनाशी झालेली मूळ काच, जुना स्विच आणि म्हातारी वायर यांचं आयुष्य वाढतं. मूळपण जपायचंच असेल तर ते असं जपा ना!

पण याचा अर्थ बाजारातून कुठलाही एलईडी आणून कोंबा असा नाही. इथे दुसऱ्या पंथाशी माझं भांडण सुरू होतं.

सगळ्यात आधी अर्थिंग. आमच्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणायचा. अर्थ खराब झाला की करंट परत जायला दुसऱ्या बल्बची वाट धरतो, तेच होत होतं. होल्डरजवळचा गंज पॉलिश पेपरने घासून नवी अर्थ वायर टाकली आणि जुनेच बल्ब एकदम तरतरीत झाले. कारण साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या जवळपास साडेतीनाव्या घाताने बदलतो. १२ चे साडेदहा व्होल्ट झाले की उजेड पावणेदोन तृतीयांश... छे, सरळ सांगतो, १०० चा ६३ होतो. हा बग आधी काढा. तो झाकायला एलईडी लावू नका, त्याने दुखणं तिथेच राहतं.

दुसरं, लाल काचेमागे लाल एलईडीच हवा. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळट लेप, त्यात लाल मुळात कमी. काच बाकीचा सगळा उजेड अडवते आणि हाती येतो फिकट गुलाबी प्रकाश. तिसरं, साधा बल्ब चहूकडे उजेड फेकतो आणि मागची वाटी तो गोळा करून पसरवते. एलईडी फक्त मागे तोंड करून असेल तर काचेच्या मधोमध एक ठिपका चमकतो आणि बाजूने येणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून कडेनेही एलईडी असलेला बल्ब घ्या.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मूळ बल्बात दोन तारा असतात, टेलसाठी ५ वॅटची आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. या दोन उजेडांतला फरक हाच मागच्याला दिलेला निरोप. स्वस्तातल्या कित्येक एलईडीत टेलच इतका भडक असतो की ब्रेक दाबला तरी काही बदललं असं वाटत नाही. असा दिवा जुन्या मंद दिव्यापेक्षाही वाईट. तेव्हा भर दुपारी, उन्हात, कुणाला तरी ब्रेकवर बसवा आणि वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन स्वतः बघा. फरक चटकन कळला तरच तो बल्ब ठेवा. आणि ब्रेक दाबला की डिस्कोसारखे लुकलुकणारे दिवे कृपा करून नकोत. सिग्नलला मागे उभ्या असलेल्यानं काय पाप केलंय?

इंडिकेटरचं मी जुनंच ठेवलंय. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून टिकटिकतो. एलईडीचा करंट त्याला पुरत नाही, मग फ्लॅशर बदला नाहीतर रेझिस्टर लावून वीज जाळा. शिवाय लुकलुकणारा दिवा तसाही लक्षात येतो. आणि हेडलाईटला तर हातही लावू नये. तिथे तार नेमकी कुठे आहे यावर सगळी किरणांची बांधणी असते, ती चुकली की समोरच्याचे डोळे दिपतात. मागच्याचं भलं करताना समोरच्याला आंधळं करण्यात काय अर्थ आहे?

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याच्या विरुद्ध आहेत, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच माझी दुसरी अट. जुने बल्ब कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. तपासणाऱ्या साहेबांनी नाही म्हटलं तर वाद न घालता तिथल्या तिथे बदलता आले पाहिजेत. तेवढंही नको असेल तर मूळ दिवे जसेच्या तसे ठेवून मागच्या काचेच्या आतून तिसरा ब्रेक लाईट लावा. काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आणखी एक. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मला यात एक शहाणपण दिसतं. जपून ठेवायची वस्तू आणि चालवायची गाडी हा फरक कायद्यानंच केलाय. पहिल्या वर्गातल्या गाडीत टंगस्टन खुशाल ठेवा, मी नमस्कार करीन. पण जी गाडी भाजी आणायला एस. व्ही. रोडला निघते, तिने मागच्याशी आजच्या भाषेतच बोलायला हवं.

मालकाला स्वतःच्या गाडीचा ब्रेक लाईट कधीच दिसत नाही. म्हणूनच बहुतेक त्याच्यावर सगळ्यात कमी खर्च होतो. बघा पटतंय का.