सेवा फलकावर, अर्ज ड्रॉवरमध्ये

मा. ग्रंथपाल महोदय,

आपलं आणि कॉलेजचं नाव मुद्दामच लिहीत नाही. परभणी जिल्हा केवढासा. पत्र वाचून आपलं आपल्याला कळेलच.

संशोधनासाठी मला लेखक बी. रघुनाथांची एक जुनी कादंबरी हवी होती. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. ७ सप्टेंबर १९५३ ला ते गेले. अजूनही त्यांची आठवण निघाली की आपण सगळे कौतुकानं बोलतो. आपल्या कपाटात ती कादंबरी नाही, याचा राग नाही. सगळी पुस्तकं एका ग्रंथालयात कशी मावणार? त्यासाठीच तर आंतरग्रंथालयीन देवघेव असते. दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८ पासून हेच काम करतं. संयुक्त सूचीत पुस्तक कुणाकडे आहे ते पाहायचं, मागणी नोंदवायची, पुस्तक आलं की मुदतीत परत पाठवायचं. पण सभासदत्व संस्थेला मिळतं, माझ्यासारख्या सुट्या माणसाला नाही. म्हणजे ही वाट आपल्याच टेबलावरून जाते.

आणि आपल्या दारावरच्या फलकावर ही सेवा ठळक अक्षरांत आहे! कॉलेजचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली तेव्हा तो फलक नव्यानं रंगवला होता, हेही पाहिलंय.

मी अर्ज दिला. मार्गदर्शकांची सही होती, टपालखर्च देण्याचं लेखी कबूल केलं होतं. आपण तो दुमडून ड्रॉवरमध्ये टाकलात आणि विचारलंत, "हरवलं तर भरून कोण देणार? पुण्या-मुंबईला तुमचं कोणी नाही का?"

नाही सर, कोणी नाही. सोनपेठ-पालमच्या पोरांचं पुण्यात कोणी नसतं, म्हणून तर ती कॉलेजच्या ग्रंथालयात येतात. एका पुस्तकासाठी रात्रभर रेल्वेनं मुंबई गाठायची, तिथं वाचनालयात बसून टिपणं काढायची आणि मुक्काम कुठं करायचा? मजुरी करणाऱ्या आईबापांना हा खर्च काय म्हणून सांगायचा? हरवण्याची भीती खरी आहे. पण त्यासाठी अनामत घ्या, पुस्तक वाचनकक्षातच वाचायला लावा. मी कशालाही तयार होतो. आपण विचारलंच नाहीत.

लागलं ते नकारानं नाही. मी पुस्तक मागितलं आणि आपण माझी ऐपत काढलीत.

आता एवढंच करा. अर्ज ड्रॉवरमधून काढा, मागणी नोंदवा. जमत नसेल तर 'नामंजूर' असा शेरा आणि कारण लिहून, सही-शिक्क्यानिशी परत द्या. तो कागद घेऊन मी प्राचार्यांकडे जाईन.

आपला,
एक विद्यार्थी-वाचक