बिबवरचा आकडा

पुण्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या अंडर-१३ ट्रायलला मी निवड करणाऱ्यांच्या टेबलावर बसलो होतो. सकाळी सात ते दहा, दीडशेच्या आसपास मुलं, जागा वीस. ४७ नंबरचा एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. बिब पार मांड्यांपर्यंत लोंबत होतं. पास यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघायचा आणि पहिल्याच स्पर्शात बॉल अंगावर येणाऱ्या पोरापासून लांब वळवायचा. हे शिकवायला आम्हाला वर्षं लागतात. मग मिसरूड फुटलेल्या एका मुलानं खांदा मारला, हा आडवा झाला, बॉल गेला. शेजारच्या कोचनं कागदावर लिहिलं, ‘फिजिकल कमी’. खाली सही माझीही आहे.

गेटवर त्याच्या वडिलांनी विचारलं, “सर, काय कमी पडलं त्याचं?” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तो आला नाही.

त्या संध्याकाळी निवडलेल्या मुलांचे जन्मदाखले फाइलला लावताना दिसलं, बहुतेक सगळे जानेवारी ते एप्रिलमधले. ४७ नंबरचा जन्म डिसेंबरचा.

आपल्याकडे वयोगट १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे एकाच गटात जवळजवळ वर्षभराचा फरक असलेली मुलं खेळतात. त्यात वयात येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी. कुणाची उंची बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, कुणाची पंधराव्या. मैदानावर आपल्याला ‘टॅलेंट’ म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं हे आधी आलेलं वाढीचं वय असतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: फुटबॉल धक्काबुक्कीचा खेळ आहे, ताकद नको का? हवीच. पण बाराव्या वर्षीची ताकद अठराव्या वर्षी कुणाकडे असेल, हे कुणालाच सांगता येत नाही. बाकीचे उंचीनं गाठतात तेव्हा नुसत्या वेगावर आणि खांद्यावर जिंकत आलेल्या मुलाकडे दुसरं काही उरत नाही. त्याला दुसरं काही शिकायची गरजच आपण पडू दिलेली नसते. म्हणजे नुकसान त्याचंही होतंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक म्हणतात, खरा खेळाडू लपत नाही. हॅरी केनला आर्सेनलनं आठव्या-नवव्या वर्षी सोडलं, तरी तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. लुका मॉड्रिचला हायदुक स्प्लिटनं लहानखुरा म्हणून नाकारलं, २०१८ चा बॅलन डी’ऑर त्यालाच मिळाला. ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी उंचीवरून परत पाठवलं, तो स्पेनमध्ये घडला आणि २०१८ चा विश्वचषक जिंकला. आले ना वर?

आले. पण या कथा क्लबांच्या चुकीच्या आहेत, त्यांच्या शहाणपणाच्या नाहीत. केनचा जन्म २८ जुलैचा. इंग्लंडमध्ये वयोगट सप्टेंबरपासून धरतात, म्हणजे तो आपल्या गटातला जवळपास सगळ्यांत धाकटा. त्याला पुढे वॉटफर्ड मिळालं, टॉटनहॅम मिळालं. तिथे एका क्लबनं सोडलेल्या मुलाला दुसरा क्लब असतो. जेमी वार्डी सोळाव्या वर्षी क्लबबाहेर पडला, कारखान्यात काम करत राहिला, तरी त्याला खालच्या पातळीवरची नियमित लीग होती. आपल्या ४७ नंबरला काय होतं? एकच ट्रायल, आणि त्यानंतर ट्यूशन. जे परत आले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक आहेत. जे आले नाहीत त्यांची यादी कुणी ठेवलेली नाही, आणि ‘लपत नाही’ म्हणणारे नेमके तिथेच फसतात.

मग करायचं काय? नॉर्वेतल्या ब्रूना या छोट्या गावात अर्लिंग हालांडच्या वयाची चाळीसएक मुलं एकत्र वाढली. कोचनं कुणाला गाळलं नाही, ज्याला जास्त खेळायचं त्याला जास्त खेळू दिलं. हालांडही बराच काळ अंगानं लहानच होता.

इथे लगेच ऐकू येतं: ते नॉर्वे आहे, आमच्याकडे एका टर्फवर तीन बॅचेस चालतात. मान्य. चाळीस जणांना सांभाळणं प्रत्येक क्लबला जमणार नाही. पण ज्याला काहीच खर्च नाही, ते तरी करूया. नेदरलँड्समधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्काऊट्सना मॅच दाखवून खेळाडू पारखायला सांगितलं. नुसत्या जन्मतारखा हातात देऊन त्यांचा वयानं मोठ्या मुलांकडे झुकणारा कल बदलला नाही. जर्सीचे नंबर वयाच्या क्रमानं दिल्यावर मात्र तो कल गेला. बिबं आपल्याकडे आहेतच. ती हाताला येतील तशी वाटण्याऐवजी जन्मतारखेच्या क्रमानं वाटली, तर नंबर मोठा म्हणजे पोर धाकटं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला मॅच चालू असतानाच दिसेल.

आणखी एक गोष्ट मला बोचते. वय चोरणाऱ्यांना पकडायला आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात. म्हणजे कागदावरचं वय आणि अंगातलं वय वेगळं असतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण ते ज्ञान आपण फक्त बाहेर काढायला वापरतो, उशिरा वाढणाऱ्याला आत ठेवायला कधीच नाही. त्यासाठी एक्स-रे लागतही नाही. मुलाची आत्ताची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची फॉर्मवर लिहून घेतली, तरी त्याची वाढ किती व्हायची आहे याचा चांगला अंदाज येतो. इंग्लंडच्या अकादम्यांनी अशाच हिशेबानं गट पाडून सामने खेळवले आहेत.

एका सकाळच्या ट्रायलवर निवड करणं बंद करायला हवं. महिनाभरात निदान चार वेळा बघावं, दोन वेगवेगळ्या जागी खेळवून बघावं, आणि नाव न लागलेल्या मुलाला हातात तारीख देऊन पाठवावं. ‘पुढच्या वर्षी बघू’ ही तारीख नाही. मी ती दिली असती, अमुक रविवारी सकाळी सात वाजता ये म्हणालो असतो, तर तो आला असता. मान वळवून मागे बघणारा मुलगा शनिवारी रात्रीच बूट घासून ठेवतो.