घटातले कोंब कुणीकडे वाकतात?

नवरात्रात तुमच्यापैकी किती जणांच्या घरी घट बसतो? एका टोपलीत किंवा पत्रावळीवर शेतातली काळी माती, मधोमध पाण्याचा घट आणि भोवती पेरलेलं धान. रोज थोडं थोडं पाणी शिंपडायचं. नवव्या दिवशी बघावं तर काय, पिवळेधमक, लांबसडक कोंब! दसऱ्याला आजोबा ते टोपीत खोचतात, आजी केसांत माळते.

पण त्या कोंबांकडे तुम्ही कधी निरखून पाहिलंत का? शेतातला गहू हिरवागार असतो, मग घटातला पिवळा का? आणि सगळेच्या सगळे कोंब एकाच बाजूला माना तिरप्या करून उभे का?

पिवळेपणाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पानांचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. गव्हाच्या कोंबात ते उजेडाशिवाय तयार होत नाही. देवघराचा कोपरा असतो अंधारा, आणि कोंबाजवळ असते फक्त दाण्यातली शिदोरी. अंधारात सापडलेला कोंब ती शिदोरी पानं रुंद करण्यात किंवा दांडा जाड करण्यात उडवत नाही. उंच व्हायचं, बस्स! मातीखाली दबलेला दाणा याच युक्तीनं वर येतो. देवघरातल्या कोंबाला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत. (वाटतं म्हणजे आपल्या भाषेत हं! कोंबाला मेंदू नसतो.)

आता मान तिरपी का, ते बघू. आमच्या आजीचं म्हणणं होतं की कोंब देवीपुढच्या नंदादीपाकडे झुकतात. मी एकदा नीट पाहिलं. नंदादीप अगदी शेजारी होता, पण कोंब वाकले होते दाराकडे. दारातून दिवसा अंगणातला उजेड यायचा. तो दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय त्यात आणखी एक गंमत आहे. ती शेवटी सांगतो.

रोप उजेडाकडे वळतं हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण ते उजेड ‘बघतं’ कुठून? डोळे तर नाहीत! हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांना पडला. हो, तेच ते उत्क्रांतीवाले डार्विन. त्यांनी आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यानं पक्ष्यांना घालतात त्या कॅनरी गवताचे कोंब घेतले. काही कोंबांच्या शेंड्यांवर उजेड आत जाणार नाही अशा छोट्या टोप्या घातल्या आणि एका बाजूनं उजेड सोडला. उघड्या शेंड्याचे कोंब वळले. टोपीवाले सरळच राहिले! मग त्यांनी उलटं करून पाहिलं. शेंडा उघडा ठेवून बुंधा बारीक वाळूत झाकला. आता मात्र कोंब वळले. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो, असं डार्विन पितापुत्रांनी 1880 साली आपल्या पुस्तकात लिहिलं. तेव्हा मोठे डार्विन 71 वर्षांचे होते. त्या वयात गवताला टोप्या घालत बसायचं म्हणजे बघा!

तो निरोप काय असतो, हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली. 1926 साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेन्ट या तरुणानं ओटच्या कोंबांचे शेंडे कापून आगरच्या वडीवर ठेवले. आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास. शेंड्यांतलं काहीतरी त्या वडीत उतरलं. मग वेन्टनं शेंडे फेकून दिले आणि वडीचा तुकडा दुसऱ्या एका बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला ठेवला. मिट्ट अंधारात तो कोंब वडीच्या विरुद्ध बाजूला वाकला! म्हणजे निरोप हा एक पदार्थच निघाला. त्याला म्हणतात ऑक्झिन. एका बाजूनं उजेड आला की ऑक्झिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं. तिथल्या पेशी जास्त लांब होतात. बैलगाडीचा डावा बैल भरभर चालला की गाडी उजवीकडे वळते ना, तस्संच. सावलीची बाजू लांबते आणि कोंब उजेडाकडे वळतो.

डार्विन यांचा हा प्रयोग तुम्हांला घरी करता येईल. खर्च जवळजवळ शून्य. मूठभर गहू रात्रभर भिजत घाला. सकाळी नारळाच्या करवंटीत माती घालून अर्ध्या बोटावर पेरा आणि वर बुटांचं खोकं पालथं घाला. बाकीचं खोलीच्याच उजेडात, पण पटकन करायचं. तीन-चार दिवसांत फिकट कोंब बोटाच्या पेराएवढे होतील. कोंबाच्या अंगावर एक बंद आवरण असतं, बोटावर मोजा चढवल्यासारखं. हिरवं पान ते फोडून बाहेर यायच्या आतच प्रयोग करायचा. उशीर झाला तर नवे गहू पेरा.

चॉकलेटची चांदी काडेपेटीच्या काडीवर गुंडाळा, एक टोक दुमडा, झाली टोपी! चार-पाच कोंबांच्या शेंड्यांवर ती अलगद चढवा. चार-पाच तसेच उघडे ठेवा. आणि एवढ्यावर थांबू नका. तुमचा दादा नक्की म्हणणार, ‘टोपीच्या ओझ्यानं नसेल वळला.’ म्हणून आणखी चार-पाच कोंबांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या तशाच टोप्या घाला. ओझं तेच, पण उजेड आत जातो. दादाचं तोंड बंद होतं की उघडं राहतं, ते कोंबच ठरवतील. खोक्याच्या एका बाजूला, कोंबांच्या उंचीवर, रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून ती बाजू खिडकीकडे करा. संध्याकाळपर्यंत फरक दिसायला लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काढा. (पालकांनो, भोक तुम्ही पाडून द्या. उत्तर मात्र सांगू नका.)

आता एक जुनी गोष्ट. कबूल करायला थोडी लाज वाटते.

मी सातवीत होतो. वालाचं रोप खोक्यात ठेवायचा प्रयोग होता. वर्गातली एक मुलगी आणि मी, दोघांत मिळून एक खोकं. चार दिवसांनी उघडलं तर रोप भोकाकडे नाही, चक्क मागच्या भिंतीकडे वळलेलं! पुस्तकात तर भोकाकडे वळतं असं लिहिलेलं. मी वहीत पुस्तकातलंच चित्र काढलं. वर ‘छान’ असा शेरा मिळाला. तिनं दिसलं तसं काढलं, ‘रोप मागे वळले’ असं लिहिलं आणि चित्रावर लाल फुली खाल्ली. तिनं माझ्या वहीकडे एकदा पाहिलं. बोलली काहीच नाही.

खोकं माझ्या घरी आलं होतं. सुट्टीत पतंगाच्या मांज्यासाठी ते रिकामं केलं आणि सहज उन्हाकडे धरलं. मागच्या जोडाची पट्टी सुटली होती. वरपासून खालपर्यंत फट, आणि तिच्यातून येणारा उजेड भोकातून येणाऱ्यापेक्षा जास्त! आम्ही ते खोकं वर्गात मागच्या खिडकीला टेकवून ठेवलेलं. रोप अगदी बरोबर वागलं होतं. तिचं चित्रही बरोबर होतं. शाळा सुरू झाल्यावर तिला सांगेन म्हणून ठरवलं. ते राहूनच गेलं.

तर प्रयोगाआधी एवढं कराच. खोकं उन्हात डोक्यावर पालथं घ्या, भोकावर तळहात ठेवा आणि आतून बघा. जिथं जिथं उजेड दिसेल तिथं काळा कागद चिकटवा. तरीही कोंब भलतीकडे वळले, तर त्यांना ‘चुकले’ म्हणू नका. दिसलं तसंच चित्र काढा आणि फट शोधायला लागा.

आणि ती नंदादीपाची गंमत! कोंबाला उजेडाचे सगळे रंग सारखे नसतात. त्याला वळवतो तो मुख्यतः निळा उजेड. तेलाच्या पिवळ्या ज्योतीत निळा भाग थोडाच, आणि अंगणातल्या उजेडात भरपूर. हे पडताळायचंय? खोक्याला समोरासमोर दोन भोकं पाडा. एकावर गडद लाल जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या लावा, दुसऱ्यावर निळ्या कागदाची एकच. मग खोकं अंगणात सावलीत ठेवा, म्हणजे दोन्हीकडून सारखा उजेड येईल. नवे कोंब मधोमध ठेवून रात्री चित्र काढा, कोण कुणाकडे बघतंय त्याचं.