दादाची कॉन्टेसा आणि फुंकणी

परवा रात्री पुण्याहून पुतण्याचा फोन आला. एरवी त्याचा फोन म्हणजे दोन मिनिटांचं काम. "काका, बरं आहे ना? आईला द्या." परवा मात्र तासभर चालला आणि विषय एकच, दादाची कॉन्टेसा!

नातेवाईक मंडळींना गाडी ठाऊक आहेच (निम्म्यांची लग्नाची वरात तिच्यातून निघाली आहे), पण बाकीच्यांसाठी थोडी प्रस्तावना. शहापूरहून किन्हवली-मुरबाडकडे निघालं की भातसा नदीवर आमचं सापगाव लागतं. तिथे घरामागच्या पडवीत 1986 सालची एक पांढरी कॉन्टेसा उभी आहे. दादा गेला त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी पंधरा दिवसांनी ती चालू करतो, पुलापर्यंत नेतो आणि परत आणतो. एवढंच. आता पुतण्याच्या हातात चार पैसे आले आहेत आणि बापाची गाडी त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. त्याबद्दल आनंदच आहे. पण नुसती चालती करून त्याचं समाधान नाही, तिच्यात दम हवा! म्हणून प्रश्न असा की जुन्याच इंजिनाला टर्बो बसवायचा, की ते उतरवून मोठं इंजिन टाकायचं?

तो म्हणतो टर्बो. मी म्हणतो मोठं इंजिन. मी काही इंजिनिअर नव्हे, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण मास्तरला गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी गाडीविषयी. परदेशात 'क्लासिक स्पोर्ट्स कार' म्हटलं की दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची गाडी डोळ्यांसमोर येते. आमच्या पिढीची स्पोर्ट्स कार म्हणजे कॉन्टेसा. लांबलचक नाक आणि रुंद छाती. हिंदी सिनेमातला खलनायक तिच्यातून उतरला की थिएटरात शिट्ट्या पडायच्या. हिंदुस्थान मोटर्सने ती 1984 मध्ये बाजारात आणली. शरीर होतं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीचं आणि इंजिन अ‍ॅम्बॅसेडरचं. 1489 सीसी, साधारण 50 हॉर्सपॉवर. म्हणजे पैलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज!

गंमत म्हणजे हे इंजिन मुळात अगदीच कारकून नव्हे. ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. याच घराण्यातलं, याच 1489 सीसीचं इंजिन 1955 साली एमजीए या नामांकित स्पोर्ट्स कारमध्ये बसलं होतं. तिथे दोन कार्ब्युरेटर लावून त्यातून सुमारे 70 हॉर्सपॉवर काढत. पुतण्याने हे वाचल्यापासून त्याच्या अंगात आलं आहे. "काका, रक्त स्पोर्ट्स कारचंच आहे, फक्त हवा भरायची!"

हवा भरायची म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातून जळालेला धूर जोरात बाहेर पडतो आणि वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक फिरकी बसवायची. तिच्या दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी फिरकी, ती बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळणार, म्हणजे ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. हे वहिनीला समजावून सांगत होतो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे फुंकणी की!" तीस वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं उदाहरण मला कधी सुचलं नाही. टर्बो म्हणजे फुंकणी आणि मोठं इंजिन म्हणजे मोठी चूल.

फुंकणी वाईट नाही हं. आज हजार सीसीची, तीन सिलिंडरची इंजिनं टर्बोच्या जोरावर शंभर हॉर्सपॉवर देतात आणि वर्षानुवर्षं निमूट चालतात. पण त्यांचा क्रँकशाफ्ट, बेअरिंगं, पिस्टन, तेलाची आणि पाण्याची वाट, सगळं टर्बो गृहीत धरून आखलेलं असतं. शिवाय पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे क्षणाक्षणाला ठरवणारा संगणक असतो. आमच्या कॉन्टेसात कार्ब्युरेटर आहे आणि क्रँकशाफ्टला बेअरिंगं फक्त तीन. (एमजीबी या पुढच्या स्पोर्ट्स कारमध्ये याच घराण्याचं इंजिन 1798 सीसीपर्यंत वाढलं, तेव्हा थोड्याच वर्षांत बेअरिंगं तीनाची पाच करावी लागली.)

पुतण्याकडे यावर उत्तर तयार होतं आणि तेही आमच्याच तालुक्यातलं. "काका, कसाऱ्याला काय करतात? इंजिन बदलतात का? मागून बँकर लावतात! घाट संपला की इगतपुरीला काढून घेतात. टर्बो म्हणजे तेच. लागेल तेव्हा जोर, एरवी गप्प."

मी दोन मिनिटं निरुत्तर झालो, खोटं कशाला बोला! कसारा-इगतपुरी लोहमार्ग 1865 चा, चढ 37 ला 1. तेव्हापासून आजवर गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतच आली आहेत. मुलाने बरोबर नस पकडली होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर फरक लक्षात आला. बँकर हे स्वतंत्र इंजिन असतं. त्याचा भार त्याचा तोच वाहतो. पुढच्या इंजिनाला तो हलकं करतो. टर्बो नेमकं उलटं करतो. सगळा जादा जोर त्याच जुन्या पिस्टनवर, त्याच तीन बेअरिंगांवर आणि त्याच हेड गॅसकेटवर येतो. शिवाय बँकर चढ सुरू होण्याआधी लावतात. टर्बोचा जोर पाय दाबल्यानंतर, धूर वाढून फिरकी वेगात आली की मग येतो. 1975 च्या सुमाराला पोर्शची पहिली 911 टर्बो आली, तीन लिटर आणि 260 हॉर्सपॉवरची. तिची दहशत याच उशिरामुळे होती. वळणात शिरताना पाय दाबावा आणि जोर ऐन वळणावर अंगावर यावा! तिथे निदान चालवणारे तयारीचे होते. पावसाळ्यात कसारा घाटात, धुक्यात, पुढे कांद्याचा ट्रक असताना मला असला उशिरा येणारा पाहुणा नको.

आणि हो, मुंबई-शिर्डी वंदे भारत 2023 पासून बँकरशिवायच घाट चढते. का? तर तिची ताकद मुळातच डब्यांखाली वाटून आखलेली आहे. मुळात आखलेलं आणि मागून चिकटवलेलं यात फरक असतो, एवढंच माझं म्हणणं.

मागून चिकटवण्याचं फळ अमेरिकेनेही पाहिलं आहे. 1962 साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोवाली गाडी काढली. साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन, 215 हॉर्सपॉवर. इंजिनात 'नॉकिंग' होऊ नये, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनवर घण बसू नयेत, म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडत. मालक ती टाकी भरायला विसरायचे. पुढे कित्येक गाड्यांवरचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. विसरणाऱ्यांना मी हसत नाही. 1991 च्या मे महिन्यात नाशिकला जाताना रेडिएटरचं पाणी बघायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो आणि घाटात सगळं कुटुंब दीड तास दगडावर बसून होतं. दादा एक शब्द बोलला नाही. नंतर दहा वर्षं मात्र प्रत्येक लग्नात त्याने तो किस्सा सांगितला.

टर्बोची खरी कमाल उंचावर दिसते. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, 14 हजार फुटांवर नेऊन ते सिद्ध केलं. तिथली विरळ हवा टर्बोने दाबून भरली आणि इंजिनाची गेलेली ताकद परत आली. आमची इगतपुरी मात्र सहाशे मीटरच्या आसपास. तेवढ्या उंचीवर साध्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद जाते. पन्नासातले तीन घोडे. तीन घोड्यांसाठी एवढी यातायात?

मग मोठं इंजिन म्हणजे आपोआप शहाणपण का? तसंही नाही. 1967 मध्ये एमजीबीचीच बहीण एमजीसी आली. तिच्यात जवळजवळ तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं लोखंडी धूड बसवलं. नाक इतकं जड झालं की गाडी वळायला कुरकुर करू लागली. 1973 मध्ये त्याच गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 बसलं. ते अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे मूळच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा जड नव्हतं, आणि ते छान जमलं. म्हणजे इंजिन किती मोठं याबरोबर किती जड आणि कुणाच्या मापाचं, हेही बघावं लागतं.

कॉन्टेसाच्या बाबतीत हे माप कंपनीनेच घेऊन ठेवलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्यात इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, पाच गिअरसह. ताकद सुमारे 88 हॉर्सपॉवर. मुळात व्हॉक्सहॉलने हे शरीर आखलं तेच 1.8 आणि 2.3 लिटरच्या इंजिनांसाठी. म्हणजे इसुझू बसवणं हा अत्याचार नव्हे, तिची मूळ भूक भागवणं आहे. कॉन्टेसाचं उत्पादन 2002 मध्ये बंद झालं, पण शोधलं तर ही इंजिनं अजून मिळतात. ब्रेक, सस्पेन्शन आणि एथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी सगळ्या रबरी नळ्या मात्र दोन्ही वाटांवर बदलाव्याच लागणार. आरटीओची पायरीही दोन्हीकडे आहेच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. परवानगीशिवाय गाडीच्या नोंदलेल्या रचनेत फेरफार करता येत नाही.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे. टर्बो लावला तर दादाचं इंजिन खर्ची पडेल. एखाद्या उन्हाळ्यात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की संपलं. मोठं इंजिन टाकलं तर जुनं उतरवून, तेल भरून, पडवीत लाकडी घोडीवर ठेवता येईल. केलेलं पुसता येईल. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इंजिनात मोठे फेरफार केलेली चालत नाही. आमची गाडी 2036 मध्ये पन्नाशी गाठेल. तेव्हा पुतण्याला वाटलं तर तेच इंजिन पुन्हा बसवेल. जुन्या वस्तूत बदल करताना ताकद किती वाढली यापेक्षा परत फिरता येतं का, हे मी आधी बघतो. ज्याची ती वस्तू होती तो आता विचारायला नाही, म्हणून तर जास्तच.

पुतण्याला हे पटलं. निदान गप्प तरी झाला. मी मनात म्हटलं, जिंकलो!

सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. जुनं इंजिन जपून ठेवू, 2036 मध्ये परत बसवू. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नव्या इंजिनाचा आवाज वेगळा असेल ना?"

म्हटलं, असेल.

"हे पुलावर आले की मला आवाजावरून कळायचं. मग मी चहा टाकायची." थोडा वेळ थांबून म्हणाली, "भाऊजी, 2036 ला मी असेन का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळा हिशेब मी मांडला होता, वजन, बेअरिंगं, कायदा. हे त्यात कुठेच धरलं नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. टर्बो नको, बसवायचं तर इसुझूच. फक्त ते लगेच नाही. आधी नळ्या आणि ब्रेक करून घ्यायचे आणि दिवाळीला पुतण्या आला की वहिनीला पुढच्या सीटवर बसवून याच इंजिनावर इगतपुरीला जायचं. समृद्धी महामार्गाने नाही. त्याचा आमच्याकडचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून घाट कधी संपला ते कळतही नाही. आपण जुन्या कसारा घाटानेच जायचं, दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्यांच्या शिव्या खात.

रेडिएटरचं पाणी या वेळी मीच बघणार आहे.